कोहिमाचे दोन वेढे

कोहिमाचा इतिहास बहुधा टेनिसच्या मैदानापासून सांगितला जातो. एप्रिल १९४४ मध्ये उपायुक्त चार्ल्स पॉसी यांच्या बंगल्यालगतच्या त्या मैदानाच्या दोन अंगांस जपानी आणि ब्रिटिश-हिंदी सैनिक समोरासमोर ठाकले होते. आज तेथील युद्धस्मशानात १,४२० कबरी असून, दहनसंस्कार झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांचे स्मारकही आहे. ज्या अंगामी नागांची घरेदारे या रणात जळाली, त्यांच्या होरपळीचा उल्लेख लष्करी इतिहासांत ओझरताच येतो.

ईस्टरीन किरे यांची ‘मारी’ (२०१०) ही उणीव काही अंशी भरून काढते. लेखिकेच्या मावशीच्या आयुष्यावर आधारलेल्या या कादंबरीत युद्ध म्हणजे रानोमाळ भटकंती, अन्नाची विवंचना आणि घरच्या माणसांची ताटातूट होय. ही दृष्टी मोलाची खरीच. परंतु नायिकेचे प्रेम एका ब्रिटिश सैनिकावर जडलेले असल्याने राज्यकर्ता येथे प्रामुख्याने प्रियकर व रक्षक या रूपांत भेटतो. स्मृतीशी इमान राखणाऱ्या कृतीस याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि एवढ्यावरून वसाहतीच्या संबंधाविषयी निष्कर्ष काढणारा अभ्यासक फसेल.

कारण कोहिमास त्यापूर्वीही एकदा वेढा पडला होता, आणि तो घालणारे नागाच होते. १८७८ मध्ये येथे ब्रिटिश ठाणे बसले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात राजकीय अधिकारी डॅमंट खोनोमाच्या वेशीवर मारला गेला व नागांनी ठाणे कोंडले. त्यानंतर सरकारी फौजेने खोनोमावर चाल केली आणि १८८० मध्ये गावास शरणागती पत्करावी लागली. किरे यांच्याच ‘अ नागा व्हिलेज रिमेम्बर्ड’ (२००३) या कादंबरीचा हा विषय. गावाचे विधी, निषेध, शेतीचे ऋतू यांचे चित्र तीत इतके सावकाश उभे राहते की आक्रमण येते तेव्हा नेमके काय मोडले, हे वाचकास उमगते. कलादृष्ट्याही हीच कृती अधिक सकस आहे.

दुसऱ्या वेढ्यात मात्र नागांनी सरकारसाठी ओझी वाहिली, वाटा दाखविल्या. पासष्ट वर्षांत हे कसे घडले? मिशन, शाळा व नोकरी ही कारणे पुरेशी नाहीत. खोनोमाचाच अंगामी झापू फिझो त्या काळी ब्रह्मदेशात जपान्यांच्या बाजूस होता. ‘मारी’चा भर या प्रश्नावर नाही, तो आधीची कादंबरी शेजारी ठेवली म्हणजेच उभा राहतो.