सरवा वेचणाऱ्या स्त्रिया

सरवा वेचणाऱ्या स्त्रिया : झां फ्रांस्वा मीये (१८१४–७५) या फ्रेंच चित्रकाराचे विख्यात तैलचित्र (१८५७, सु. ८४ × ११० सेंमी.; ऑर्से संग्रहालय, पॅरिस). शेतकरी कुटुंबात जन्मलेला मीये १८४९ मध्ये पॅरिस सोडून बार्बिझाँ या खेड्यात स्थायिक झाला. तेथील श्रमजीवन हा त्याच्या कलेचा मुख्य विषय ठरला.

कापणीनंतर शेतात राहिलेल्या ओंब्या गोरगरिबांना वेचू देण्याची प्रथा फ्रान्समध्ये जुनी होती. महाराष्ट्रात ती ‘सरवा’ या नावाने परिचित आहे. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान मुलखातील वाचकास चित्राचा विषय परका वाटत नाही.

चित्राच्या पुरोभागी तीन स्त्रिया आहेत. दोघी पूर्ण वाकलेल्या, तर तिसरी अर्धवट उभी आहे. वाकलेल्या दोघींची शरीरे क्षितिजरेषेच्या खालीच राहतात. जणू जमीन त्यांना सोडीत नाही. दूरवर उन्हात उंच गंजी, भरलेली गाडी, कापणी करणाऱ्यांचा घोळका आणि घोड्यावरील देखरेख्या लहान आकारात दिसतात. तिकडे सुगीची रास, इकडे मूठभर ओंब्या, असा हा विरोध आहे. तिघी जवळजवळ असूनही एकमेकींकडे पाहत नाहीत. चेहरेही छायेत आहेत. येथील एकाकीपणा निर्जनतेतून आलेला नाही. सुगीत ज्यांचा वाटा नाही, त्यांचा तो एकाकीपणा आहे.

१८५७ च्या सलाँ प्रदर्शनात या चित्रावर कडक टीका झाली. १८४८ च्या क्रांतीची स्मृती ताजी असल्याने सनातनी समीक्षकांना त्यात दारिद्र्याचे आव्हान दिसले. याउलट १८६४ मध्ये मीयेच्या ‘मेंढपाळ मुलगी’ या चित्राचे सर्वत्र स्वागत झाले. माळावर एकटीच विणकाम करणाऱ्या मुलीचा एकांत प्रेक्षकाला शांतवितो. सरवा वेचणाऱ्यांचा एकांत मात्र त्याच्याकडे हिशेब मागतो. दोन्ही चित्रांना मिळालेल्या प्रतिसादांतील अंतर यावरून उमगते.

चित्रातील सोनेरी प्रकाशामुळे दारिद्र्य सुंदर भासते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. भूक, आजार वा ऋण यांची खूण येथे आढळत नाही. तथापि मीयेने या स्त्रियांना करुणेची याचना करावयास लावलेले नाही. शिल्पासारखी भरीव शरीरे आणि संथ, पुनरावृत्त हालचाल यांतून त्याने, पूर्वी धार्मिक व ऐतिहासिक चित्रांसाठी राखून ठेवलेली भव्यता त्यांना दिली. ग्रामजीवनाचे रमणीय देखावे रंगविण्याच्या रूढीपासून हे चित्र वेगळे ठरते, ते या संयमामुळेच.