नाव न विचारता

ब्रँडन स्टॅन्टन ह्या अमेरिकन छायाचित्रकाराचे ‘ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क’ हे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि २०१५ साली त्याचा ‘स्टोरीज’ हा पुढचा भाग आला. ही दोन्ही पुस्तके आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने परदेशाहून येताना मला आणून दिली. गेले काही महिने ती माझ्या टेबलावर आहेत. रात्रीची प्रार्थना आटोपली की मी दोन-चार पाने उलटतो. एका पानावर बाकावर बसलेली वृद्धा असते, पुढच्या पानावर कामावरून परतणारा मजूर, त्यापुढे चित्रविचित्र पोषाखातले एखादे पोर. चित्राखाली चार-सहा ओळी, क्वचित पानभर मजकूर. माणूस आपल्याविषयी काहीतरी सांगतो आणि पान संपते.

स्टॅन्टन शिकागोमध्ये रोख्यांच्या व्यापारात नोकरीला होता. २०१० साली नोकरी गेली तेव्हा त्याने न्यूयॉर्क गाठले. शहरातील दहा हजार माणसांची छायाचित्रे काढून ती नकाशावर मांडावीत, एवढाच त्याचा मूळ संकल्प होता. पुढे त्याच्या ध्यानात आले की, चेहऱ्यापेक्षा चेहऱ्यामागचे बोलणे अधिक मोलाचे आहे. मग तो रस्त्यावर अनोळखी माणसाला थांबवून आधी चित्राची परवानगी मागू लागला आणि मागाहून विचारू लागला, तुमच्या आयुष्यातील सर्वांत कठीण गोष्ट कोणती? असा प्रश्न आपल्याकडे ओळख नसताना कोणी विचारला, तर आपण छत्री उगारू. न्यूयॉर्कची माणसे मात्र उत्तर देतात. पुष्कळदा असे वाटते की, ह्या प्रश्नाची ती अनेक वर्षे वाट पाहत होती.

ह्या पुस्तकांचे मोठेपण मी मान्य करतो. जानेवारी २०१५ मध्ये ब्रुकलिनमधील गरीब वस्तीतला तेरा वर्षांचा एक मुलगा स्टॅन्टनला भेटला. तुझ्यावर कोणाचा प्रभाव सर्वाधिक आहे, असे विचारल्यावर त्याने आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचे नाव सांगितले. त्या एका चित्रामुळे त्या शाळेसाठी दहा लाख डॉलर्सहून अधिक निधी जमला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल ह्या रेल्वे स्थानकातील जाहिराती उतरवून तेथे ह्याच सामान्य माणसांची चित्रे लावण्यात आली. साबण आणि घड्याळे विकणाऱ्या भिंतींवर काही दिवस तरी माणसे दिसली, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही पन्नासेक पाने वाचून झाली की मन थकते. हा थकवा करुणेचा नव्हे. प्रत्येकाचे दुःख सारख्याच लांबीचे, प्रत्येकाच्या शेवटच्या ओळीत एक टोचणी. चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य सहा ओळींत बसवायचे म्हटले की, जे बसत नाही ते बाहेर राहते. आणि बाहेर राहिलेलेच पुष्कळदा त्या माणसाचे खरे आयुष्य असते. वाचकाचे डोळे पाणावतात, त्याला बरे वाटते, तो पान उलटतो. येरीहोच्या वाटेवरील याजक आणि लेवी ह्यांनीही त्या जखमी माणसाला पाहिले होते. संत लूकने ते दोघांच्याही बाबतीत मुद्दाम नोंदवून ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट आरंभापासून खटकत होती. ह्या माणसांना बहुधा नावे नाहीत. चेहरा आहे, व्यथा आहे, नाव नाही. त्यावर विचार करताना मला वारंवार एका जुन्या चित्राकडे वळावे लागले.

मार्च १९३६. अमेरिकेत महामंदीचा काळ. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा खुडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. थंडीने पीक गेले होते आणि मजुरी बंद झाली होती. डोरोथिया लेंग ही छायाचित्रकार सरकारी पुनर्वसन खात्यासाठी महिनाभर फिरून पावसात घरी परतत होती. तळाची पाटी तिने ओलांडली, सुमारे वीस मैल पुढे गेली आणि मग गाडी वळवून परत आली. एका फाटक्या तंबूत एक बाई आपल्या मुलांसह बसली होती. लेंगने एकामागून एक चित्रे घेतली आणि दर वेळी ती थोडी जवळ सरकली. शेवटच्या चित्रात दोन मुले आईच्या खांद्यांवर माना टाकून पाठमोरी झाली आहेत, मांडीवर तान्हे आहे आणि आईचा हात गालाशी टेकलेला आहे. तिची नजर आपल्याकडे नाही, कोठेतरी दूर आहे. जगभर हे चित्र ‘मायग्रंट मदर’, म्हणजे स्थलांतरित माता, ह्या नावाने ओळखले जाते.

आपल्यासारख्या कॅथलिक माणसाला हे चित्र पाहताच दुसरे एक चित्र आठवते. मांडीवर बाळ घेतलेली माता आपल्या प्रत्येक घरात, प्रत्येक वेदीजवळ आहे. समीक्षकांनीही लेंगच्या चित्राला ‘मॅडोना’ म्हटले आहे. चित्राची ताकद तेथूनच येते आणि माझ्या मते त्याची अडचणही तेथेच आहे. तंबू, सामान, थोरली मुलगी, बाहेर गेलेली माणसे हे सारे चौकटीबाहेर राहिले तेव्हाच ह्या बाईची ‘माता’ झाली. पुढे लेंगने मूळ निगेटिव्हवरील एक अंगठाही पुसून टाकविला. तंबूच्या खांबाला धरलेला तो अंगठा चित्राच्या कोपऱ्यात येत होता आणि रचना बिघडवीत होता. तिच्या वरिष्ठांना हा बदल रुचला नाही. हा अंगठा मला काही केल्या विसरता येत नाही. पवित्र मूर्ती घडवायची तर माणसाचा थोडा भाग तासून काढावा लागतो.

लेंग त्या तंबूपाशी जेमतेम दहा मिनिटे होती. १९६० साली तिने स्वतःच लिहिले की, आपण त्या बाईला नाव विचारले नाही, तिची हकिकतही विचारली नाही. वय तेवढे कळले, बत्तीस वर्षे. अन्नासाठी त्या बाईने गाडीचे टायर विकले होते, असेही तिने नोंदविले. चित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या दैनिकात छापून आली आणि सरकारने तळावर वीस हजार पौंड, म्हणजे सुमारे नऊ टन, धान्य व खाद्यपदार्थ पाठविले. ते पोहोचले तेव्हा ही बाई आणि तिची मुले तेथून निघून गेली होती.

तिचे नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती मूळची ओक्लाहोमाची, चेरोकी ह्या आदिवासी जमातीची. पहिला नवरा १९३१ साली क्षयाने गेला होता. पंचाहत्तराव्या वर्षी एका स्थानिक वार्ताहराने तिला शोधून काढले, तेव्हा तिच्या बोलण्यात अभिमान नव्हता, राग होता. ते चित्र काढलेच नसते तर बरे झाले असते, असे ती म्हणाली. त्यातून तिला एक पैसा मिळाला नव्हता, कोणी नाव विचारले नव्हते आणि चित्राची प्रत पाठविण्याचा शब्दही पाळला गेला नव्हता. टायर विकल्याची गोष्ट तर घरच्यांनी साफ नाकारली; गाडी बिघडली होती आणि दुरुस्तीच्या कामासाठी माणसे गावात गेली होती, एवढेच खरे.

लेंगवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, चित्र सरकारी मालकीचे असल्याने तिलाही त्यातून मानधन मिळत नव्हते. लहानपणीच्या पोलिओमुळे ती लंगडत चाले. अपंग शरीराकडे लोक कसे पाहतात, हे तिला कोणी शिकवायला नको होते. ती कोरड्या मनाची असती तर वीस मैलांवरून परत वळली नसती. तरीही ते दहा मिनिटांत परतणे आणि तो न विचारलेला प्रश्न, दोन्ही एकाच व्यक्तीच्या हातून घडले. १९९८ साली ह्या चित्राची एक प्रत लिलावात सुमारे २ लाख ४४ हजार डॉलर्सना विकली गेली.

कथा मात्र येथे संपत नाही आणि मला ती ह्याच भागासाठी महत्त्वाची वाटते. १९८३ साली फ्लॉरेन्स मरणपंथाला लागली, उपचारांना पैसे पुरेनात, तेव्हा मुलांनी लोकांना आवाहन केले. पस्तीस हजार डॉलर्सहून अधिक रक्कम जमली आणि तिच्याबरोबर दोन हजारांवर पत्रे आली. ह्या चेहऱ्याने आम्हांला वाईट दिवसांत धीर दिला, अशा आशयाची. ज्या चित्राची मुलांना इतकी वर्षे लाज वाटत होती, त्याच्याकडे ती वेगळ्या नजरेने पाहू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्स वारली. तिच्या थडग्यावरही ‘मायग्रंट मदर’ हे शब्द आहेत. चित्राने हिरावलेले चित्रानेच थोडेफार परत दिले. पण त्यासाठी सत्तेचाळीस वर्षे लागली आणि मध्ये एक नाव कळावे लागले.

त्याच १९३६ च्या उन्हाळ्यात जेम्स एजी हा लेखक आणि वॉकर इव्हान्स हा छायाचित्रकार ‘फॉर्च्युन’ मासिकासाठी अलाबामातील वाटेकरी शेतकऱ्यांच्या तीन कुटुंबांत राहिले. मासिकाने तो मजकूर छापला नाही; पुस्तक निघाले १९४१ साली. त्याचे शीर्षक जुन्या करारातील सिराकच्या पुस्तकाच्या ४४ व्या अध्यायातून घेतले आहे. हे पुस्तक आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलच्या मुख्य भागात नाही. नामवंतांची स्तुती करण्याचे आवाहन करणारा हा अध्याय पुढे नवव्या ओळीत ज्यांची कोणतीच आठवण मागे उरली नाही, अशांचाही उल्लेख करतो. २६ जुलै रोजी, संत ज्योकिम आणि संत अॅना ह्यांच्या स्मरणदिनी, हा अध्याय मिस्सामध्ये वाचला जातो. वाचनात पहिली ओळ असते आणि मग एकदम दहावी. विस्मृतांची ओळ त्या दिवशी गाळलेली असते. एजीने आपला सारा ग्रंथ त्या गाळलेल्या ओळीसाठी लिहिला, असे मला वाटते. त्याने कुटुंबांची नावे बदलली. पण ती झाकण्यासाठी, विसरल्यामुळे नव्हे. इव्हान्सची चित्रे आरंभी, कोणत्याही ओळीविना छापली आहेत. एजी स्वतःला ‘हेर’ म्हणवतो, आणि दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचे दारिद्र्य पाहण्याचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न पानोपानी उगाळतो. कधीकधी तो इतका उगाळतो की वाचकाने कंटाळून पुस्तक मिटावे. प्रारंभी त्याच्या सहाशेच्या आसपास प्रती खपल्या, ह्याचे नवल वाटत नाही. पण स्टॅन्टनच्या सहजतेवर एजीचा हा कंटाळवाणा संकोच हाच उतारा आहे.

आपल्या भाषेत व्यक्तिचित्रांची परंपरा समृद्ध आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधील माणसे नावागावानिशी उभी राहतात. तेथे लेखक त्याच मातीतला आहे, त्याला कोणाची परवानगी घेऊन आत शिरावे लागत नाही. रस्त्यावरच्या छायाचित्रकाराला हा लाभ नाही, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी वेगळी आहे.

मग नाव विचारलेच पाहिजे काय? येथे माझा मीच अडतो. प्रायश्चित्त संस्कारात मी जाळीआडून अनोळखी माणसांचे आयुष्य ऐकतो. नाव विचारत नाही, चेहरा पाहत नाही आणि ऐकलेले कोठेही सांगत नाही. तेथे निनावीपण ही दया आहे. त्यामुळेच माणूस बोलू शकतो. स्टॅन्टनच्या पुस्तकातील कित्येक माणसे नाव छापले जाणार नाही, ह्या विश्वासावरच बोलली असतील. तेव्हा प्रश्न नाव छापले की नाही हा नसून, ते कोणाच्या सोयीसाठी गाळले, हा आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात येरीहोजवळचा भिकारी केवळ ‘एक आंधळा’ आहे; संत मार्क त्याला तिमायाचा मुलगा बार्तिमाय म्हणतो. दोन्ही ठिकाणी प्रभू येशू मात्र त्याला एकच गोष्ट विचारतो: तुझी इच्छा काय आहे? त्याचे आंधळेपण सर्वांना दिसत होते, तरीही त्याने विचारले. लेंगने विचारले नाही ते हे.

हे सारे मी लेंगला शिकवावे अशी माझी पात्रता नाही. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्याकडे घरांची पडझड झाली. मदतनिधीसाठी मी एक पत्रक काढले. मोडक्या भिंतीसमोर बसलेल्या एका म्हातारीचा फोटो मी स्वतःच काढला होता. चांगला आला होता, म्हणून पत्रकावर घातला आणि खाली छापले, ‘एक निराधार वृद्धा’. निधी चांगला जमला. महिन्याभराने पस्तिशीचा एक गृहस्थ मिशनघरी आला. हातात ते पत्रक. तो म्हणाला, “फादर, ही माझी आई. आम्ही तीन भाऊ आहोत. भिंत पडली तेव्हा ती फक्त बाहेर बसली होती.”

मी क्षमा मागितली. त्याने चहा घेतला नाही. पुढच्या रविवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर मी त्यांच्या घरी गेलो. भिंत उभी राहिली होती. म्हातारीने पत्रक दूर धरून पाहिले, मग डोळ्यांजवळ आणले. निराधार ह्या शब्दाबद्दल ती काहीच बोलली नाही. तिचा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. केस विंचरलेले नव्हते आणि अंगावर घरात नेसायचे जुने लुगडे होते. “असा फोटो कोण काढतो, फादर?” म्हणत ती आत गेली. मला ओट्यावर बराच वेळ बसावे लागले. बाहेर आली ती सणाचे लाल लुगडे नेसून, नाकात नथ घालून, आणि तिने तिन्ही नातवंडांना हाक मारून बाजूला उभे केले.

तो दुसरा फोटो त्यांच्या घरात वेदीशेजारी लावलेला आहे. तिचे नाव मला आता ठाऊक आहे. येथे लिहावे काय, हे मी तिला विचारलेले नाही.