‘गौण’ तत्त्वज्ञान : एका संज्ञेचे परीक्षण

पुणे-सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे येणाऱ्यास दुरूनच एक प्रचंड घुमट दिसू लागतो. तत्त्वज्ञ संतश्री ज्ञानेश्वर यांच्या नावे उभारलेल्या या प्रार्थना-सभागृहाचे उद्घाटन २०१८ साली झाले. तेथे संत, शास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ यांचे पुतळे आहेत. तत्त्वज्ञाचा मान ठेवण्यात आपण उणे पडलो, असे कोणी म्हणणार नाही. मात्र ‘उगाच तत्त्वज्ञान झाडू नकोस’ हा वाक्प्रयोगही याच परिसराच्या बोलीतला आहे. पुतळ्यास मिळणारा मान विषयास मिळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक आहेत. पैकी किमान ६० मुख्य विषयास व २४ गौण विषयास. तत्त्वज्ञान यापुढे बहुतेक विद्यार्थ्यांना भेटेल ते या दुसऱ्या रकान्यात, असे मानावयास जागा आहे. त्यावर हळहळण्यापूर्वी ‘गौण’ या शब्दाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. मराठीत त्याचा अर्थ आज ‘बिनमहत्त्वाचे’ एवढाच उरला आहे. संस्कृत वैयाकरणांचा गौण तसा नव्हे. गाय आणि दूध ही दोन्ही ‘दोहणे’ या एकाच क्रियेची कर्मे ठरतात, तेव्हा दूध प्रधान व गाय गौण; कारण कर्त्याला हवे असते ते दूध. परंतु तेच वाक्य कर्मणी केले की प्रथमेचा मान गाईकडे जातो, दुधाकडे नव्हे! (मराठीने तर गाईला कर्मपदही ठेवले नाही, आपण ‘गाईचे’ दूध काढतो.) गौणत्व हे कर्त्याच्या इच्छेवरून ठरते, वस्तूच्या योग्यतेवरून नव्हे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

तेव्हा आक्षेप घ्यावयाचा तो रकान्यावर नव्हे, त्यात काय भरले जाते यावर. थेलीझपासून आरंभ करून नावे व मते यांची यादी २४ श्रेयांकांत उरकली, तर विद्यार्थ्यास ना इतिहास मिळतो ना विचार. प्रस्तुत लेखकाच्या हाती एकदा एक उत्तरपत्रिका आली. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे’ यातील हेतू सांगा, असा प्रश्न होता. विद्यार्थ्याने लिहिले, ‘लोकांना सावध करणे हा यातील हेतू होय.’ त्याला हसणे सोपे आहे. मराठीत हेतू म्हणजे उद्देश, अनुमान म्हणजे अंदाज. न्यायशास्त्रातील हेतू म्हणजे साधक कारण, अनुमान म्हणजे सकारण ज्ञान, हे त्याला कोणी दाखवून दिले होते? दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे तीन खंड १९७४ साली निघाले. परिभाषेची उणीव आहे ही सबब त्यामुळे चालणार नाही. उणीव आहे ती त्या परिभाषेत वाक्ये रचण्याच्या सवयीची.

काही सहकारी म्हणतात, मुख्य विषयाचे विद्यार्थी आटले तर गौण विषय शिकवावयास शिक्षक कोठून आणावे? हा आक्षेप खरा आहे, व त्यास माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. चार विद्यार्थ्यांसाठीही मुख्य विषयाचा वर्ग चालू ठेवावा, हे यामुळेच मला मान्य आहे. परंतु अर्थशास्त्र वा विधी मुख्य घेतलेल्या विद्यार्थ्याच्या पुढ्यात पहिल्या सत्रात काय ठेवावे, असे विचारल्यास मी म्हणेन : त्याच्याच पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद, आणि त्यातील हेतू कोणता, हा प्रश्न.