समनर, क्लॉड

समनर, क्लॉड : (१९१९–२०१२). इथिओपियातील तत्त्वज्ञानाचा कॅनेडियन अभ्यासक व जेझुइट धर्मोपदेशक. १९५३ मध्ये तो आदिस अबाबा येथे तत्त्वज्ञानाचा अध्यापक म्हणून आला आणि तेथेच त्याने आयुष्याचा मोठा काळ वेचला. आफ्रिकी विचारपरंपरा केवळ मौखिक आहे, या समजुतीला गीझ भाषेतील हस्तलिखितांच्या आधारे दिलेले उत्तर हे त्याच्या कार्याचे मर्म होय.

इथिओपियन फिलॉसॉफी (पाच खंड, १९७४–८२) या मालेत त्याने गीझ ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद व विवेचन सिद्ध केले. त्यांतील बरेच ग्रंथ मुळात ग्रीक असून काही अरबीमार्फत गीझमध्ये आले. इथिओपियन अनुवादक मुळात भर घालतो, गाळतो, त्याचा रोख बदलतो. म्हणून असा अनुवाद ही स्वतंत्र निर्मितीच ठरते, हे समनरचे प्रतिपादन मौलिक आहे. प्राकृत टीकाग्रंथांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ते सहज पटावे. बुद्धचरित्रावरून घडलेली बारलामची कथाही सोळाव्या शतकात अरबीतून गीझमध्ये उतरली होती. तिला मात्र या मालेत स्थान मिळाले नाही.

त्याच्या कीर्तीचा व वादाचाही विषय म्हणजे झेरा याकोब याचा हताता (१६६७) हा प्रबंध. ईश्वराचे अस्तित्व मान्य करूनही हा प्रबंध सर्व धर्ममते बुद्धीच्या कसोटीवर घासतो. त्याचा खरा कर्ता एकोणिसाव्या शतकातील जूस्तो दा उर्बीनो हा इटालियन धर्मोपदेशक असावा, असे कोंती रॉस्सीनी (१९२०) व मिटवोख (१९३४) यांनी मांडले. झेरा याकोब आणि त्याचा शिष्य वाल्दा हेवात यांच्या प्रबंधांतील शैली व विचार भिन्न असल्याचे दाखवून समनरने हे मत खोडून काढले. जेझुइटांवर टीका करणाऱ्या ग्रंथाची पाठराखण एका जेझुइटाने करावी, यातच त्याची निःपक्षपाती वृत्ती दिसते. तथापि मूळ हस्तलिखिते जूस्तोच्याच हातून पॅरिसला गेली, ही अडचण केवळ शैलीच्या पुराव्याने दूर होत नाही. आनाईस व्हियों हिने २०१३ मध्ये हा संशय पुन्हा उपस्थित केला. उलट २०२३ च्या नव्या इंग्रजी अनुवादाचे कर्ते समनरच्या बाजूचे आहेत. आधुनिक बुद्धिवाद इथिओपियात व यूरोपात एकाच काळी उदयास आला, हा त्याचा सिद्धांत या वादाच्या निर्णयावर अवलंबून आहे. अनुवादविषयक सिद्धांताला मात्र त्याची झळ पोहोचत नाही.

लिखित ग्रंथांवर भर देताना मौखिक परंपरेकडे झालेले दुर्लक्ष त्याने पुढे स्वतःच भरून काढले. ओरोमो लोकांच्या म्हणी, गीते व कथा यांचे त्याचे तीन खंड १९९० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले.