समृद्ध दही : खनिज आले कोठून?

'प्रोबायोटिक जीवाणूंनी खनिजसमृद्ध केलेले दही' या शब्दरचनेने गैरसमज होण्याचा संभव आहे. जीवाणू मूलद्रव्ये निर्माण करीत नाहीत. दही लागताना लॅक्टोज या शर्करेचे लॅक्टिक आम्ल बनते. आम्लतेमुळे केसीन या प्रथिनाला बांधलेले कॅल्शियम सुटून पाण्यात उतरते; पण एकूण कॅल्शियम दुधात होते तेवढेच राहते. जादा खनिज हवे असेल तर ते बाहेरूनच घालावे लागते.

मग जीवाणूंचे काम काय? सेलेनियमचे उदाहरण घेऊ. सोडियम सेलेनाइट असलेल्या माध्यमात वाढविलेले काही लॅक्टोबॅसिलस जीवाणू त्यातील काही सेलेनियम आपल्या प्रथिनांत गुंफतात, तर काहींचे मूलद्रव्यरूपी तांबडे कण बनवितात. हे संशोधन मोलाचे आहे. मात्र ही दोन्ही रूपे शरीरात सारखीच वापरली जातात असे नाही. म्हणून दह्यात सेलेनियम किती आहे, हे सांगणे पुरेसे नाही. ते कोणत्या रूपात आहे आणि खाणाऱ्याच्या शरीरात किती शोषले गेले, हेही मोजायला हवे.

पुढचा प्रश्न गरजेचा. चीनमधील केशान भागात सेलेनियमची उणीव हे हृदयविकाराचे एक प्रमुख कारण होते. फिनलंडने १९८४ मध्ये ते खतातून देण्याचा निर्णय घेतला. उलट पंजाबातील नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात काही शेतांत ते घातक ठरावे इतके आहे. अमेरिकेतील २००० सालच्या शिफारशींनुसार प्रौढाची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम, तर कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. एकाला उपकारक ठरणारे दही दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते.

आपल्याकडची मोठी उणीव लोहाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचे एक महत्त्वाचे कारण. पण सेलेनियम मायक्रोग्रॅममध्ये लागते, लोह मिलिग्रॅममध्ये. दह्यात घातलेल्या लोहामुळे स्निग्धांश खवट होऊ शकतो, आणि दह्यातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणू शकते. जे खनिज दह्यात सहज मावते, तेच लोकांना हवे असते असे नाही.

अशी जाहिरात वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत : खनिज आले कोठून? आहे कोणत्या रूपात? आणि हवे कोणाला?