पडदा, काच आणि गढूळ पाणी

मराठीत नाटकाची समीक्षा आहे, तमाशाची आहे. जादूच्या प्रयोगाकडे मात्र आपण मुलांची करमणूक म्हणूनच पाहत आलो. पुण्याच्या रघुवीर भोपळे यांनी, म्हणजे आपल्या जादूगार रघुवीरांनी, देशोदेशी प्रयोग केले, ‘प्रवासी जादूगार’सारखं पुस्तक लिहिलं, पण जादूचा प्रयोग कुठे ताणला जातो, कुठे सैलावतो, याची चर्चा आपण क्वचितच केली. त्यामुळे १६ जून २०१९ रोजी कोलकात्यात हुगळी नदीत चंचल लाहिरी ऊर्फ जादूगार मँड्रेक बुडाला, तेव्हा माझ्या कानावर दोनच शब्द आले: दुर्दैव आणि मूर्खपणा. दोन्ही मला अपुरे वाटतात. तो माणूस प्रयोग करताना गेला. त्याच्या प्रयोगाकडे निदान प्रयोग म्हणून तरी पाहायला हवं.

पाण्याखालच्या सुटकेचा साचा घडवला हॅरी हुडिनीने. १९०८ साली त्याने दुधाच्या कॅनचा प्रयोग आणला. पाण्याने भरलेला माणूसभर कॅन, त्यात तो उतरायचा आणि झाकणाला बाहेरून कुलपं लागायची. कॅनचा खांद्यापासून वरचा भाग रिवेट ठोकून पक्का केलेला दिसे. प्रत्यक्षात ते रिवेट नुसते दिखाऊ होते आणि तो सगळा भाग आतून उचलता येई. युक्ती एवढीच, आणि मला तिच्यात फारसा रस नाही. रस आहे तो त्याआधी घडणाऱ्या गोष्टीत. कुलूप लावण्यापूर्वी हुडिनी एकदा नुसताच पाण्यात बुडी मारायचा आणि प्रेक्षकांना म्हणायचा, तुम्हीही माझ्याबरोबर श्वास रोखून धरा. एकेक जण हार मानून धापा टाकू लागे. हा अजून आतच. मग कुलपं लागत आणि कॅनभोवती पडदा ओढला जाई. आता दिसायला काही उरलेलं नसे, पण प्रत्येकाच्या छातीत मघाचा श्वास अडकलेला असे. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर भयानक रसाचा अनुभव इथे नटाच्या अभिनयातून येत नाही. प्रेक्षकाच्या फुप्फुसातून येतो.

२१ सप्टेंबर १९१२ रोजी बर्लिनच्या सर्कस बुशमध्ये त्याने या प्रयोगाची पुढची पायरी दाखवली: पाय लाकडी खोड्यात अडकवून, उलटं टांगून, समोर काच असलेल्या पाण्याच्या पेटीत सोडणं. आधी काचेतून माणूस दिसतो, नंतर पडदा येतो. पडद्याशेजारी कुऱ्हाड घेतलेला मदतनीस उभा. ती कुऱ्हाड संकटासाठी तर होतीच, पण ती प्रयोगातलं सगळ्यात बोलकं पात्रही होती. तिच्याकडे पाहून प्रेक्षक मनातल्या मनात काच फोडत असणार.

पाणी कुणाचं देणं लागत नाही, हेही खरं. १९३० साली अमेरिकेत केंटकी राज्यात जेनेस्टा नावाचा जादूगार अशाच कॅनमध्ये बुडून मेला. कॅनला पोचा आला होता, त्यामुळे सुटा व्हायचा भाग सुटाच होईना. युक्ती होती, तालीम होती. पत्रा वाकला आणि संपलं.

आता उघड्या पाण्याचा प्रश्न. जुलै १९१२ मध्ये हुडिनीने न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये स्वतःला खोक्यात बंद करून सोडवून घेतलं. त्याचा बोलबाला झाला आणि लगेच त्याने तोच प्रयोग हॅमरस्टाइनच्या गच्चीवरच्या थिएटरात, मोठ्या टाकीत, तिकीट लावून सुरू केला. नदी ही जाहिरात होती, प्रयोग टाकीत होता. हा भेद त्याला पक्का कळत होता. मी भाईंदरला केबिन रोडवर राहतो. इथून गाडी नायगावकडे निघाली की वसईची खाडी लागते. लोक डब्याच्या दारातून निर्माल्याची पिशवी टाकतात. ती पाण्याला टेकते आणि दिसेनाशी होते. अशा पाण्यात श्वास रोखलेला माणूस आणि बुडणारा माणूस वरून सारखेच दिसतात. तिथे काच नाही, कुऱ्हाड कुठे मारायची तेही ठाऊक नाही, आणि ओहोटीला तालमीचं वेळापत्रक कोण देणार?

लाहिरीने काच वापरून पाहिली होती. याच नदीत १९९८च्या सुमारास काचेच्या पेटीतून आपण २९ सेकंदांत बाहेर आलो, असं त्याने सांगितलं होतं. २०१३ साली तो पिंजऱ्यातून सुटला, पण पिंजऱ्याचं दार बघ्यांच्या नजरेला पडलं. ते चिडले आणि त्यांनी त्याला मारहाण केली. माझ्या मते या प्रकरणातली खरी समीक्षा इथेच झाली, आणि ती अत्यंत वाईट समीक्षा होती. दार असणं हा जादूचा धर्म आहे. ते दिसलं तर प्रयोग फसला म्हणा, घरी जा. पण ‘याने आम्हाला फसवलं’ ही तक्रार जादूगाराविरुद्ध कशी चालेल?

ती चालते दुसऱ्या जातीच्या माणसाविरुद्ध. १९६६ साली मुंबईत एल. एस. राव या हठयोग्याने पाण्यावर चालून दाखवण्याची घोषणा केली. लोक तिकिटं काढून जमले आणि राव पाण्यात पाऊल टाकताच खाली गेले. राव यांचा दावा सिद्धीचा होता, तेव्हा त्यांना खरं-खोटं विचारणं योग्यच. लाहिरीचा दावा कसबाचा होता. कोलकात्याच्या जमावाने दोघांना एकच माप लावलं. सहा वर्षांनी लाहिरी परतला तेव्हा दिसेल असं दारच नव्हतं, पिंजराही नव्हता: साखळ्या, कुलपं, दोर आणि नदी. २०१३च्या माराने त्याला तिथे ढकललं, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण दोन प्रयोगांची रचना शेजारी ठेवली की दुसरा पहिल्याला दिलेलं उत्तर वाटतो.

प्रेक्षकांच्या या हट्टाचा पुरावा सिनेमातही आहे. हुडिनी १९२६ साली डेट्रॉइटच्या रुग्णालयात, अपेंडिक्स फुटून झालेल्या संसर्गाने वारला. १९५३च्या हॉलीवूडपटात मात्र तो पाण्याच्या पेटीतच कोसळतो. आजही कितीतरी लोकांना तेच खरं वाटतं.

हुगळीवर त्या दिवशी लाहिरीला क्रेनने पाण्यात सोडलं. नावेत आणि काठावर माणसं होती. ती थांबली, कारण या प्रयोगात थांबायचंच असतं; उशीर हा त्याचा ठरलेला भाग आहे. बऱ्याच मिनिटांनी पोलिसांना कळवलं गेलं. देह दुसऱ्या दिवशी साधारण एक किलोमीटरवर सापडला.