दोरीवरची वाकळ

वाकळ पाहायची ती उलटी करून. सुलट अंगाला रंगांची सभा भरलेली असते आणि त्या गलबल्यात डोळा हरवतो. पाठ मात्र निवांत असते, एकाच जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन दुधाच्या सायीसारखी मऊ पडलेली, आणि तिच्यावर टाक्यांशिवाय दुसरं काही नसतं. जिंतूरला आमच्या माळवदावर वैशाखात वाकळा उन्हाला पडत, तेव्हा आजीची एक वाकळ मी अशीच उलटून पाहत बसायचो. आज ती माझ्याकडे आहे. आपण तिच्यापाशी जरा बसू या.

पहिल्यांदा टाका पाहू. धावदोराच तो, शिवणकामातला सगळ्यात साधा टाका: सुई खाली गेली, वर आली, पुढं सरकली. कडेपासून दोन बोटं आत त्याची पहिली ओळ सुरू होते, चारही बाजू फिरून आपल्याच शेपटाशी येते, आणि तिथं न थांबता बोटभर आत सरकून पुन्हा चालू लागते. असा तो दोरा फिरत फिरत, चौकोनात चौकोन कोरीत, मधोमध येऊन विसावतो. परभणी जिल्ह्यात जुन्या बारवा पुष्कळ. चौकोनी बारवेच्या काठावर उभं राहून खाली डोकावलं की पायऱ्यांचे चौकोन जसे लहान लहान होत पाण्यापाशी जातात, आणि सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तर जशी वळत वळतच उतरते, तशी ही वाकळ डोळ्यानं उतरायची असते. खाली पाण्याऐवजी तळहाताएवढा तांबडा चौकोन लागतो, एवढाच फरक.

आता त्याच ओळीवरून बोट फिरवा. एका बाजूचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे, किंचित ताणलेले. कोपरा वळला की दुसऱ्या बाजूला तेच टाके सैल होतात आणि जरा तिरके पडतात. तिसऱ्या बाजूला पुन्हा सुधारतात. चौथीला मात्र लांबच लांब, घाईचे, मधेच गाठ मारलेले. एक बाई अशी चार तऱ्हांनी शिवत नसते. चार बाजूंना चौघी बसल्या होत्या. तांदळाची बाजू आजीची. तिरकी शेजारच्या काकूंची, त्यांना डाव्या डोळ्यानं कमी दिसे. तिसरी चुलत आजीची. आणि लांब टाक्यांची बाजू माझ्या आत्याची, तेव्हा दहा वर्षांची. तिला आजी म्हणे, "बारीक घाल की गं टाका, लेकराच्या पायाचं बोट अडकंल त्यात." सौंदर्यशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ मी चाळले, बारीक टाक्याचं याहून नेमकं समर्थन कुठं वाचल्याचं आठवत नाही. तरी आत्याचे ते टाके आजीनं उसवले नाहीत, ते तसेच राहिले, आणि आज मला सगळ्यात आधी ते दिसतात.

हे काम एकटीनं व्हायचंच नाही. कापसाची वेचणी संपलेली, पेरणीला अजून अवकाश, अशा दिवसांत दुपारची भांडी झाली की ओसरी झाडून तिच्यावर अस्तराचं लुगडं अंथरायचं, त्यावर चिरगुटांचे थर सारखे करायचे, वरून दुसरं लुगडं, चार कोपऱ्यांवर चार दगड, आणि सुरकुती काढून काढून सगळीकडं आधी कच्चे टाके. मग हाका जात. येणारी आपली सुई पदरात खोचूनच येई. शेतात जशी सावड असते, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, तशीच ही ओसरीवरची सावड होती. फिटंफाट कुणी मांडून ठेवत नसे, पण कोण आली नाही ते सगळ्यांना आठवे!

आता वाकळ सुलटी करू. मघाशी ज्याला गलबला म्हटलं त्यात किती शिस्त आहे ते जवळून कळतं. कडेनं इरकली लुगड्याचे काठ लावलेले, कारण काठ दाट विणीचा, तो झिजत नाही. आतल्या अंगाला त्रिकोणांच्या जोड्या, चार चार त्रिकोण पाती होऊन एका बिंदूभोवती फिरताहेत अशी भिंगरी. खाकी पातं काकांच्या शाळेच्या अर्ध्या चड्डीचं. पांढरं पातं आजोबांच्या धोतराचं. पांढरं म्हणायचं इतकंच, नीळ घालून घालून त्याला पहाटेच्या आभाळाची छटा आली आहे. पण एक पातं हिरवं आहे, बारीक पिवळ्या बुट्ट्यांचं, आणि तसलं पातळ आमच्या घरात कुणी कधी नेसलं नव्हतं. ते काकूंच्या घरचं. भिंगरीला हिरवा कमी पडला तेव्हा भिंतीवरूनच विचारणं झालं आणि भिंतीवरूनच तुकडा आला. शेजारी साखर उसनी मागितली तर वाटी भरून परत करायची असते. चिरगूट कुणी परत करत नाही, ते समोरच्या घरात शिवलं जातं. आमच्या वाकळीत अशी निदान तीन घरं आहेत, आणि आमच्या घरातलं खाकी कापड गल्लीतल्या कुठल्या कुठल्या वाकळीत गेलं असेल ते आता ओळखूही येणार नाही.

भिंगरीही आमची नव्हे. ती गल्लीत आली एका नव्या सुनेच्या माहेरच्या वाकळीवरून. दोरीवर वाळत घातली होती, येणारीजाणारी थबकायची. "कोण्या गावचा गं ह्यो नमुना?" एवढं विचारून झालं की कागद नाही, मोजपट्टी नाही, वीत टाकून माप घ्यायचं, डोळ्यात साठवायचं, घरी येऊन बोचकं सोडायचं. दोरी हेच प्रदर्शन.

आजीच्या वाकळीचा एक कोपरा उंदरानं कुरतडला आहे. मी तो शिवून घेतलेला नाही, त्यातून वाकळीचं पोट दिसतं म्हणून. आत दुसरी वाकळ आहे! आधीची, विटकी, आपल्या टाक्यांसकट. नव्या वाकळीत जुनी घालतात ती आयती जाडी मिळते म्हणून. परभणीकडं डिसेंबरात पारा एक आकड्यावर उतरतो, तिथं ही जाडी चैनीची गोष्ट नव्हे. तरी तो फाटका कोपरा पाहताना आपण केवळ जाडी पाहत नाही. आणि हे सगळं जमतं ते सुती कापडाला. टेरीकॉट आलं आणि नायलॉनची पातळं आली तशी वाकळ बिघडली: ते कापड सुईला सरकतं, धुतलं तरी मऊ पडत नाही, घाम पीत नाही. कापसाच्या मुलखात नायलॉनची वाकळ हा प्रकार मला तरी कधी गोड लागला नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईची एक कथा आहे, महिपतींनीही ती सांगितली आहे. देव रात्री जनीच्या खोपटात निजला आणि काकडआरतीच्या घाईत आपला शेला न् पदक तिथंच टाकून तिची वाकळ पांघरून राउळात गेला. पुढं जनीवर पदकाच्या चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली, सुळाचं पाणी झालं. ते सारं ठाऊक असतं. मी मात्र त्या घाईपाशी रेंगाळतो. अंधारात हाताला लागेल ते ओढून निघालेल्या माणसाला शेला आणि वाकळ यांतला फरक न कळणं शक्य नाही. वजनच निराळं. मला वाटतं, देवानं चूक केलीच नव्हती.

आमच्यासारखाच कापूस पिकवणारं एक गाव अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात आहे, जीज बेंड. मळ्यावरच्या गुलामांच्या वंशातल्या तिथल्या बाया कामाच्या झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 2002 साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतींवर लागल्या, 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. त्यांतली एक मिसूरी पेटवे या बाईंनी 1942 साली शिवलेली: नवरा वारला, तेव्हा त्याचे शेतातले कपडे घेऊन त्याच्या आठवणीत पांघरायला केलेली. त्या विजारींच्या गुडघ्यांचा विटका निळा मी छायाचित्रात पाहिला आणि उठून आजोबांच्या धोतराचं पातं चाचपून आलो. तिथंही गोधड्या बाहेर वाऱ्यावर टाकत, आणि शेजारणी त्या पाहून जात.

आमच्या दोरीवरची भिंगरी काकूंनीही अशीच पाहिली. दोन दिवस येता-जाता पाहिली, एकदा जवळ येऊन वीत टाकली, काही बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांच्या दोरीवर नवी वाकळ आली. तीच भिंगरी, पण सगळी पाती उलट्या अंगाला फिरणारी. एका डोळ्यानं पाहिलं म्हणून तसं झालं की मुद्दाम केलं, कोण विचारणार? आजी हातातलं सूप खाली ठेवून भिंतीपाशी गेली, तिनं त्या वाकळीचं टोक हातात घेतलं, आधी उलटून पाठ पाहिली, मग सुलट पाहिली, आणि तिकडं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माझ्याहून बरी फिरायली गं तुझी."